एक झाकण जास्त

आमच्या हँगरमध्ये शिकाऊ वैमानिकांची पाच विमानं होती आणि पाचही इंजिनं एकदम सुरू झाली तरी माणसं जेवढी दचकायची नाहीत, तेवढी राव सार गप्प झाले की दचकायची. कुणाचं काही चुकलं तर ते ओरडत नसत. चष्मा काढत, शर्टाच्या टोकाने पुसत, परत घालत आणि मग चुकलेल्या माणसाकडे न बघता चुकलेल्या कामाकडे बघत राहत. एवढ्यानेच समोरचा घामाघूम होई. चेन्नईत घामाघूम व्हायला निमित्त लागत नाही हे खरं, पण हा घाम निराळा असायचा.

त्यांचं पूर्ण नाव वेंकोबाराव. हुद्दा विमान दुरुस्तीचे मुख्य अभियंता. 'सर'चं तमिळ तोंडात 'सार' होतं, म्हणून सगळ्यांचे ते राव सार. ठेंगणे, काळेसावळे, कपाळावर बारीक गंध, खिशात कायम छोटा आरसा आणि टॉर्च. आरसा स्वतःचं तोंड बघायला नव्हता. विमानाच्या ज्या कोपऱ्यात डोकं शिरत नाही तिथे तो आत सरकवून ते बघत. स्वतःच्या तोंडाकडे त्यांनी आयुष्यात फारसं बघितलं नसावं, कारण दाढी करताना हनुवटीखाली चार केस रोज राहून जायचे. पंखाखालचा एक सैल रिव्हेट मात्र त्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही.

नवऱ्याची बँकेतून बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून चेन्नईला आले आणि मीनंबाक्कमच्या या विमान शाळेत नोंदी ठेवायच्या कामावर लागले. विमानाच्या एकेका बोल्टचा जन्म आणि मरण लिहून ठेवावं लागतं, हे मला तिथे कळलं. पहिल्याच आठवड्यात मी आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर मागे राव सार उभे.

"काय मा, तुम्ही आमच्यांतलेच की! मराठी कोठचें तुमचें?"

"साताऱ्याचं," मी म्हटलं.

"आमचेंही तिकडूनच आलें म्हणतात. तीनशें वर्षांमागें." हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू गेल्या मंगळवारच्या गाडीने एग्मोर स्टेशनवर उतरलेत.

ते तंजावरचे मराठी. त्यांच्या तोंडचं मराठी ऐकायला सुरुवातीला मला फार मजा वाटायची. 'मी काम केलों', 'तो विमान पाहिला', बाईमाणसाला 'मा', मध्येच 'सेरी' म्हणून होकार आणि वाक्याच्या शेवटाला तमिळसारखा हेल. मी एकदा त्यावरून चिडवलं, तर म्हणाले, "तुमचें मराठी पेपरांतलें मा. आमचें तलवारीबरोबर आलेलें."

"मग तलवार कुठाय सार?"

"गंजली," ते शांतपणे म्हणाले. "समुद्राची हवा."

त्यांच्या सवयी सांगायला बसले तर दिवस जाईल. पण पांढऱ्या फडक्यांची सांगायलाच हवी. घरच्या जुन्या वेष्टीचे, म्हणजे तिकडच्या धोतराचे, चौकोन फाडून, धुऊन, घडी घालून ते आणायचे. रोज दहा. पंख उघडायच्या आधी ती फडकी मोठ्याने मोजायची आणि पंख बंद करायच्या आधी परत मोठ्याने मोजायची. नऊ भरली तर दहावं सापडेपर्यंत एक स्क्रूसुद्धा आवळायचा नाही. एकदा एक फडकं सापडेना म्हणून आम्ही सगळे तासभर विमानाखाली रांगलो, आणि शेवटी ते कॅन्टीनवाल्याच्या खांद्यावर निघालं. त्याने ते स्वतःचं समजून उचललं होतं. त्या माणसाला नंतर वर्षभर हँगरच्या दारातच चहा ठेवायला लावला.

पंखांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मात्र हा माणूस कळणार नाही. छोट्या विमानाचा पंख आतून पोकळ असतो. त्याच्या लांबीभर एक जाड तुळई असते, तिच्या मागे दुसरी जरा बारीक. या तुळयाच विमानाच्या पोटाला बोल्टांनी धरलेल्या असतात. शिकाऊ पोरं विमान धाडदिशी उतरवतात तेव्हा तो दणका याच तुळया सोसतात. जगात कुठे एखादा पंख दगा देतो, मग आदेश निघतो : इतके तास उडालेल्या या जातीच्या प्रत्येक विमानाचे पंखाचे अमुक बोल्ट काढा, भोकात पेन्सिलीएवढी सळई घाला, आत केसाएवढी भेग असली तरी यंत्राचा काटा हलेल. हे केल्याशिवाय विमान उडवायचं नाही. यात तडजोड नाही, ओळख नाही, उद्या बघू नाही. तपासणी झाली की परवाना असलेला अभियंता सही करतो आणि त्या सहीवर माणसं आभाळात जातात.

आदेशात दहा झाकणं उघडा म्हटलेलं असलं तर राव सार अकरा उघडत. नेहमी. अकरावं कुठलं ते विमानाभोवती एक चक्कर मारून ठरवायचे. आमचे मुख्य शिक्षक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, यावर वैतागायचे. कारण एक झाकण म्हणजे अर्धा दिवस, आणि अर्धा दिवस म्हणजे बाहेर ताटकळणारे चार विद्यार्थी.

"आदेशात नाही ते का उघडता?" कॅप्टन विचारायचे.

राव सारांचं उत्तर ठरलेलं. कॅप्टनना ते इंग्रजीत देत आणि नंतर माझ्यासाठी मराठीत. "आदेश लिहिणारा आपलें विमान पाहिला नाहीं मा. तो दुसऱ्याचें पाहून लिहिला. आपल्या विमानासाठीं एक झाकण आपण उघडायाचें."

त्या अकराव्या झाकणात एकदा मैनेचं घरटं निघालं. एकदा दुसऱ्या कुठल्या हँगरात कुणीतरी वर्षांपूर्वी विसरलेला पाना निघाला. बहुतेक वेळा काहीच निघायचं नाही, आणि काही निघालं नाही की त्या दिवशी ते आपल्या डब्यातला दहीभात सगळ्यांना वाटायचे.

एका बड्या कारखानदाराची गोष्ट तर हँगरमध्ये अजून सांगतात. त्यांचं स्वतःचं छोटं विमान तपासणीला आमच्याकडे यायचं. एकदा त्यांनी फोन केला की परवा मला जायचंय, विमान मागच्या वर्षी बघितलेलंच आहे, सही तेवढी करून ठेवा. राव सार फोनवर फार अदबीने म्हणाले, आपण या, सही तयार ठेवतो. गृहस्थ आले. पांढरे शुभ्र कपडे, मागे दोन माणसं. राव सारांनी जमिनीवर एक पुठ्ठा अंथरला, हातात टॉर्च दिला आणि त्यांना त्यांच्याच विमानाच्या पंखाखाली उताणं झोपवलं. "मी आत हात घालतो, आपण उजेड धरा," म्हणाले. तासभर तो माणूस हात वर करून पडला होता. मधूनमधून राव सार त्याचं बोट धरून एखाद्या बोल्टला लावायचे आणि विचारायचे, "हा हलतो का? बघा आपण. बसणार आपण आहात." तासाभराने गृहस्थ उठले, पांढऱ्या कपड्यांचं वाटोळं झालेलं. आम्हाला वाटलं, आता राव सारांची नोकरी गेली. पुढच्या वर्षी मात्र ते गृहस्थ आपणहून जुने कपडे घालून आले आणि पुठ्ठा कुठाय म्हणून विचारायला लागले.

राव सारांनी स्वतःसाठी आणखी एक नियम घातला होता. पंखाची मोठी दुरुस्ती झाली की पहिल्या उड्डाणाला सही करणाऱ्याने मागच्या सीटवर बसायचं. अमुदा नावाची एक तरुण अभियंता त्यांच्या हाताखाली तयार झाली. तमिळ मुलगी, अंबत्तूरच्या कारखान्यात लेथ चालवणाऱ्याची लेक. परवाना मिळाल्याच्या दिवशी तिने विचारलं, "सार, मी पण बसायचं?" तर म्हणाले, "तुझी सही खरी आहे असं तुला वाटतं ना? मग भीती कसली?" तेव्हापासून तीही बसू लागली. मला हे बघून असा अभिमान वाटायचा की जणू मीच दोघांना जन्म दिलाय. माझं काम नुसतं तारीख-वार लिहायचं, पण अभिमानाला कुठे परवाना लागतो?

आता आयुधपूजेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं.

आपल्याकडे जशी खंडेनवमी, तशी तिकडे आयुधपूजा. फार मोठं प्रस्थ. रिक्षापासून संगणकापर्यंत सगळ्यांना त्या दिवशी चंदन-कुंकू. आमच्या हँगरमध्ये पाचही विमानं धुऊन पुसून उभी करायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे, दारात कोहळा फोडायचे. विमानांना टिळा लावायचा मान राव सारांचा. त्यांच्या पत्नी कमलाबाई अंबत्तूरच्या घरी स्वतः कुंकू करायच्या. हळकुंडं लिंबाच्या रसात, तुरटीत आणि टाकणखारात मुरवून, वाळवून, दळून. बाजारचं कुंकू त्या घरात येत नसे. राव सार वाटीत चंदन ओलं करून घेत, त्यावर ते कुंकू, आणि पाचही विमानांना एकाच जागी टिळा लावत. उजवा पंख जिथे विमानाच्या पोटाला मिळतो त्या सांध्यावर, पंखावर पाय ठेवायच्या जागेच्या थोडं मागे.

"नाकावर का नाही सार?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"नमस्कार करायाचा तर जोडावर करावा," ते म्हणाले. "सगळें वजन तेथें."

मला तेव्हा हे फार आवडलं होतं. माझ्या वहीत लिहूनही ठेवलं होतं.

राव सारांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. इतक्या वर्षांत त्यांनी सही केलेलं एकही विमान पंखाच्या दोषाने परत आलं नव्हतं. कॅप्टननी मोठा निरोप समारंभ ठरवला होता, शाल आणली होती, मला भाषण लिहायला सांगितलं होतं. त्यांची शेवटची मोठी सही पंखाच्या आदेशाचीच असणार होती, आणि विमान होतं तंगम. पाचांतलं सगळ्यात जुनं. तमिळमध्ये तंगम म्हणजे सोनं. हे नाव तिला हँगरनेच दिलं होतं.

बोल्ट निघाले. सळई एकेका भोकात गेली. काटा जागचा हलला नाही. तुळई निर्मळ. कॅप्टन स्वतः बघायला आले आणि राव सारांची पाठ थोपटून म्हणाले, "झालं तर मग! सोमवारी उडवू." आदेशातली दहाही झाकणं बघून झाली होती. राव सार तंगमभोवती एक चक्कर मारून आले आणि उजव्या पंखाचा सांधा झाकणारी पट्टी काढायला बसले. अकरावं झाकण.

मी माझ्या टेबलावरून बघत होते. त्यांनी आरसा आत सरकवला. टॉर्च धरला. मग हात थांबला. प्लॅस्टिकच्या पट्टीने त्यांनी आतून काहीतरी हळूच खरवडून फडक्यावर घेतलं. मागच्या तुळईच्या टोकावर पांढरी भुकटी धरली होती, ॲल्युमिनिअम सडायला लागलं की धरते तशी. पण भुकटीच्या मधोमध तांबूस पिवळा थर होता. राव सारांनी फडकं नाकाजवळ नेलं. मग अमुदाच्या हातात फडकं दिलं.

"वास घे."

"चंदन," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने तोंडावर हात ठेवला.

त्या जागी चंदन कोण लावतं हे हँगरमध्ये झाडूवाल्यालाही माहीत होतं. दरवर्षीचा ओला टिळा पावसाने विरघळून पट्टीच्या फटीतून आत उतरला होता. लिंबू आणि तुरटीचं ते कुंकू ओल धरून बसलं होतं आणि वर्षानुवर्षं तुळईचं टोक खात होतं. ज्या माणसाने आयुष्यभर पंख राखले, त्याच्याच हाताने, त्याच्याच भक्तीने हे झालं होतं. राव सारांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, आणि त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिले. हाच चष्मा आम्ही इतक्या वेळा दुसऱ्यांसाठी निघालेला पाहिला होता.

कॅप्टन मनाचे वाईट नव्हते. त्यांनी राव सारांना माझ्या टेबलापाशी बोलावून हळू आवाजात सांगितलं, "राव, विमान थांबवू, तुळईचं टोक बदलू, सगळं करू. पण कारणाच्या रकान्यात समुद्राची हवा लिहा. खोटं नाही ते, इथे सगळंच गंजतं. तीन आठवडे राहिलेत. नाव कशाला घालता?"

मीही लगेच मान डोलावली. मला ते अगदी पटलं होतं.

राव सार म्हणाले, "समुद्राची हवा दोन्ही पंखांना लागते. ती लिहिली तर उरलेल्या चार विमानांची उजवी पट्टी कोण काढून बघेल?"

बाहेर त्या चारांतलं एक विमान तेव्हा उड्डाणासाठी रांगेत उभं होतं, आत एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी. कॅप्टन स्वतः धावत गेले आणि तिला उतरवलं. पुढच्या तासाभरात चारही विमानांच्या पट्ट्या निघाल्या. दोन स्वच्छ होती. दोनांत डाग होते, लहान, पण होते.

मग राव सार माझ्याकडे आले. "रजिस्टर उघडा मा. मी सांगतों, तुम्ही लिहा."

त्यांनी इंग्रजीत सांगितलं ते मराठीत असं : उजव्या पंखाच्या मागच्या तुळईच्या टोकाला गंज. कारण : आयुधपूजेला सांध्यावर दरवर्षी लावलेलं ओलं चंदन आणि घरी केलेलं कुंकू. लावणारा : खाली सही करणारा.

मी पेन खाली ठेवलं. "सार, हे शेवटचं वाक्य मी नाही लिहिणार."

"मग मी लिहितों," ते म्हणाले. "पण माझें अक्षर वाईट. तुमचें अक्षर चांगलें, वाचणाऱ्यास समजेल."

मी लिहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून 'लावणारा'साठीच्या इंग्रजी शब्दाचं शेवटचं अक्षर जरा वाकडं आलंय. ते अजून तसंच आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर ते राव सार कसले? आमच्याकडे यायच्या आधी ते दुसरीकडे होते, तपासणीसाठी पाहुणे म्हणूनही कितीतरी हँगरांत जायचे, आणि सणाला गेले की टिळ्याचा मान त्यांनाच मिळायचा. त्यांनी आठवून आठवून अकरा ठिकाणांची यादी केली आणि अकरा पत्रं माझ्याकडून टाइप करून घेतली. मी अमुक साली आपल्या विमानाला अमुक जागी टिळा लावला होता, कृपया ती पट्टी काढून बघा. खाली पूर्ण नाव, परवाना क्रमांक. माणूस स्वतःची कीर्ती पत्राने कळवतो हे मी पाहिलं होतं. स्वतःची चूक अकरा गावांना टपालाने कळवणारा हा पहिलाच.

त्या दिवसांत मी एकदा अंबत्तूरला त्यांच्या घरी गेले. कमलाबाई कुंकवाचा डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "माझ्या हातचें कुंकू गे," त्या मला म्हणाल्या, "सासूबाई शिकविल्या तसेंच केलों. त्यानें विमान खाल्लें." त्यांचा आवाज फुटत होता. राव सार दारात चपला काढत होते. तिथूनच म्हणाले, "कुंकू तुझें चांगलेंच आहे. जागा मी निवडिलों. उद्यां माझ्या कपाळास लाव, पाहूं, मला काय होतें तें." कमलाबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम.

विमान वाहतूक खात्याचे अधिकारी आले. कसून चौकशी झाली. एका अधिकाऱ्याने विचारलं, हे तुम्ही लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं? राव सार म्हणाले, अमुदाला कळलं असतं, तिने वास घेतलाय. परवाना तीन महिने स्थगित झाला. म्हणजे निवृत्तीपर्यंत त्यांना सही करता येणार नव्हती. त्यांच्या आयुष्यातली शेवटची सही त्या कारणाच्या नोंदीखालचीच ठरली.

कॅप्टननी निरोप समारंभ रद्द केला नाही, फक्त पुढे ढकलला. राव सारांना म्हणाले, "तंगमचा पंख जोडेपर्यंत थांबा. मदतनीस म्हणून थांबावं लागेल, चालेल?" राव सार म्हणाले, "सेरी."

पंख उतरवला. तो ठेवायला अमुदाच्या वडिलांनी अंबत्तूरहून लाकडी घोडी करून पाठवली, वर जाड नमदा लावलेली. तुळईचं नवं टोक परदेशातून यायला दोन महिने लागले. ते आल्यावर राव सार रोज मदतनीसाचा निळा डगला घालून यायचे. दर टप्प्याला उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मॅडम, बघून घ्या." अमुदाला ते 'मॅडम' ऐकून रडू यायचं. "सार, नका ना असं म्हणू." तर म्हणायचे, "सही करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं मग?" एकदा तिने खरोखरच एक रिव्हेट परत काढायला लावला. जरा तिरका बसला होता. राव सारांनी तो निमूटपणे काढला, नवा बसवला आणि डब्यातला दहीभात त्या दिवशी तिला जास्त वाढला.

पहिल्या उड्डाणाला अमुदा मागच्या सीटवर बसली. राव सार जमिनीवर, उन्हात, डोक्यावर फडकं टाकून. एवढ्या वर्षांत ते प्रथमच खाली राहिले होते. तंगम वर गेली, दोन चकरा मारून उतरली, थांबली. अमुदाने दार उघडून अंगठा दाखवला. राव सारांनी सांध्यावर बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "वेळ लिहा मा." दुसऱ्या दिवशी शाल, हार, भाषणं झाली. मी लिहिलेलं भाषण मी वाचलंच नाही. रजिस्टरातल्या त्या तीन ओळी उभी राहून वाचल्या आणि खाली बसले. सगळा हँगर उभा राहिला. कॅप्टन सगळ्यात आधी.

अकरापैकी नऊ पत्रांची उत्तरं आली होती. आठ ठिकाणी काही निघालं नाही. एका ठिकाणी निघालं. तंगमपेक्षा खोल, रोज उडणाऱ्या विमानात. उत्तर दोनच ओळींचं होतं, आणि खाली सगळ्या हँगरच्या सह्या होत्या. ते पत्र राव सारांनी मागितलं नाही. मीच त्यांना नेऊन दिलं.

त्यानंतर ते तंजावरला राहायला गेले. जायच्या आधी एकदाच हँगरमध्ये आले, आयुधपूजेच्या दिवशी, कमलाबाईंना घेऊन. विमानं धुऊन उभी होती, पण एकावरही टिळा नव्हता. वाटी घेऊन कुणी पुढे होईना. राव सारांनी कमलाबाईंच्या हातातली वाटी घेतली आणि मला म्हणाले, "रजिस्टर आणा मा. तुमचें आयुध तेंच."

मी आणलं. त्यांनी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर चंदन लावलं, त्यावर कुंकू. मग खिशातून फडकं काढून एकेक बोट पुसलं, नखाच्या कडेपर्यंत. पुसून झाल्यावर कोरडा तळवा तंगमच्या सांध्यावर टेकवला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा त्यांचं लक्ष पलीकडच्या विमानाकडे गेलं. त्याची पंखाची तपासणी आदल्या दिवशी सुरू झाली होती, सणासाठी काम थांबवलेलं. उघडलेली झाकणं खाली चादरीवर ओळीने मांडली होती. राव सार वाकले आणि सवयीने बोटाने मोजत गेले.

"आदेशात किती आहेत?" त्यांनी अमुदाला विचारलं.

"दहा, सार."

चादरीवर अकरा होती.

राव सारांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. परत घातला. मी इतकी वर्षं पाहत आले होते की चष्मा घातल्यावर ते कामाकडे बघतात, माणसाकडे नाही. त्या दिवशी त्यांनी कामाकडे पाहिलंच नाही. ते अमुदाकडे बघत राहिले.